यंत्रांची सामाईक भाषा



एखाद्या कारखान्यात १० उत्पादकांची १० यंत्रे असतात आणि प्रत्येकाची माहिती देण्याची पद्धत निराळी असते. देखरेख, नोंदी, दुरुस्ती इत्यादींसाठी ५ संगणक आज्ञावल्या असल्या, तर त्या सर्व यंत्रांशी जोडण्यास ५० दुवे तयार करावे लागतात. सर्वांनी एकच सामाईक रचना स्वीकारल्यास १५ दुवे पुरतात.

हे ओळखून १९९६ साली फिशर-रोझमाउंट, रॉकवेल सॉफ्टवेअर, ऑप्टो २२ आदी कंपन्यांनी मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ‘ओपीसी’ हे मानक सिद्ध केले. परस्परांचे स्पर्धक असलेल्या उत्पादकांची यंत्रे त्यामुळे एका सूत्रात आली. मात्र हे मानक विंडोज प्रणालीशी जखडलेले होते. ही उणीव २००८ च्या ‘ओपीसी यूए’ने दूर केली. पुढे त्यास आयईसी ६२५४१ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली.

नुसत्या ‘७२’ या आकड्यावरून काहीच उमगत नाही. तो अंश सेल्सियस की फॅरनहाइट, केव्हा मोजला, मापक विश्वसनीय आहे किंवा कसे, हे सर्व आकड्यासोबत देण्याची सोय या रचनेत आहे. संदेश गुप्त राखण्याची आणि पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याचीही व्यवस्था आहे. ती कार्यान्वित करणे मात्र वापरणाऱ्याकडे असते. शिवाय कोणत्या गोष्टीला कोणते नाव द्यावे, हे त्या त्या उद्योगाने एकत्र बसून ठरवावे लागते. जर्मनीतील यंत्रनिर्मात्यांची ‘व्हीडीएमए’ ही संघटना या कामात अग्रेसर आहे.

ग्रामपंचायतीच्या नळयोजनेलाही हाच न्याय लागू पडतो. पंप एकाचा, टाकीतील पातळीमापक दुसऱ्याचा आणि क्लोरीन सोडणारे यंत्र तिसऱ्याचे असू शकते. माहितीची किल्ली विक्रेत्याकडेच राहिली, तर लहानशा बदलासाठीही पंचायतीला त्याचीच दारे ठोठवावी लागतात व तो सांगेल ती किंमत मोजावी लागते. म्हणून खुल्या मानकाची अट निविदेतच घातली पाहिजे. योजना ताब्यात घेताना जोडणी प्रत्यक्ष तपासून परवलीचे शब्द व आराखडे पंचायतीच्या दप्तरी जमा करून घेतले पाहिजेत. यंत्रे पंचायतीच्या पैशाने येतात. त्यांच्या माहितीवरही पंचायतीचाच अधिकार राहिला पाहिजे.