ग्रंथालयातील व्याख्यान आणि त्याचा श्रोता



पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. परंतु ग्रंथ असणे निराळे आणि त्यांविषयी चारचौघांत मोकळेपणी बोलता येणे निराळे. सालाझारशाहीत छापावयाचा मजकूर आधी सेन्सॉरपुढे जाई, जाहीर सभेस बंदी असे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया सभेपुढे उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. हिंदू समाजाची बहुश्रुतता त्या काळी बव्हंशी देवळांच्या सभामंडपांतील कीर्तन-पुराणांनी राखली. तेथील श्रोता श्रद्धावान खरा, पण प्रश्न क्वचितच विचारी.

१९६१ साली मुक्ती आली, बंधने गेली. २००८ पासून दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावे विचारमहोत्सव भरू लागला. २०१२ साली ग्रंथालय पाटो येथील प्रशस्त वास्तूत गेले. आज ते केळशीच्या कृष्णदास शामांच्या नावाने ओळखले जाते.

जागा झाली, श्रोत्यांचे काय? व्याख्यानाचा कस भाषण संपल्यावर लागतो. लेखकाने पाऊण तास बोलावे व तितकाच वेळ प्रश्नांस ठेवावा. तो वेळ हारतुरे, परिचय व आभार यांतच सरतो. (शाल-श्रीफळाचा मोह देवस्थानांनाही सुटलेला नाही!) पुढल्या रांगा मान्यवरांसाठी राखीव, आणि पुस्तक वाचून आलेला विद्यार्थी दाराशी उभा.

महाजन कुटुंबांनी मुलांना जत्रेस नेतात तसे व्याख्यानासही न्यावे. व्याख्यात्याचे पुस्तक आठ दिवस आधी घरात आणावे, आणि पहिला प्रश्न मुलांना विचारू द्यावा.