छपरावरचा कारागीर आणि कागदावरचा परवाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच, त्यासाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद आणि तीन किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपयांचे केंद्रीय अनुदान, असे तिचे स्वरूप आहे. सामान्यांच्या घरात सूर्याची वीज यावी, याला आपला विरोध असण्याचे कारणच नाही. माझा प्रश्न निराळा आहे. हे संच छपरावर चढून जोडतो कोण, आणि त्याची नोंद कोठे असते?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या शेजाऱ्यांच्या घरावर असा संच बसला. करार झाला तो नोंदणीकृत विक्रेत्याशी. त्याने काम दिले कंत्राटदाराला, कंत्राटदाराने उपकंत्राटदाराला. प्रत्यक्ष छपरावर चढली ती किलोवॉटमागे ठरलेल्या मजुरीवर राबणारी तीन मुले. कमरेला पट्टा नव्हता, हातांत मोजे नव्हते. काम पुरे झाल्याच्या अहवालावर सही मात्र अशा परवानाधारकाची, की ज्याचे दर्शन आमच्या गल्लीला कधी घडले नाही.

कायदा याबाबत मुका नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांप्रमाणे असे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच घ्यावे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली ते व्हावे आणि करणाऱ्याच्या हाती अनुज्ञापत्र असावे, अशी अपेक्षा आहे. उपकंत्राटाच्या उतरंडीत यांपैकी पहिली अट कागदावर पाळली जाते. उरलेल्या दोन हवेत विरतात.

ही निव्वळ औपचारिकता नव्हे. घरातील वीजप्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझण्यास वाव मिळतो. पॅनेलमधून येणारा डीसी प्रवाह शून्यावर येत नाही. सहा मोठी पॅनेल एकसरीत जोडली की दाब 300 व्होल्टच्या आसपास जातो, आणि ऊन आहे तोवर पॅनेलला बटण नाही. सैल राहिलेला एक सांधा काही वर्षांनीही घर पेटवू शकतो. घरमालकाला तो दिसत नाही. किलोवॉटवर मजुरी ठरली की सांधा तपासण्यात गेलेला प्रत्येक क्षण कारागिराच्या पोटाला चिमटा घेतो. नफा वर राहतो आणि धोका खाली उतरतो, तो असा.

यावर कोणी म्हणेल, पात्रतेच्या अटी म्हणजे गरिबाच्या तोंडावर बंद केलेले दार. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. प्रदीर्घ उमेदवारीच्या सक्तीवर अॅडम स्मिथने 1776 सालीच टीका केली होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. ज्याच्या घरी चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने तो कसा करावा? म्हणून अट सैल करणे हा उपाय नव्हे. दार रुंद करणे हा उपाय आहे. दहा वर्षे तारा ओढलेल्या माणसाची हातांची परीक्षा घ्या, डीसीचे शिक्षण विनामूल्य द्या, त्या दिवसांची मजुरी द्या, आणि अनुज्ञापत्र त्याच्या स्वतःच्या नावाने द्या.

परंतु एकट्या अनुज्ञापत्राने न्याय मिळणार नाही. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा वीस कामगारांच्या कंत्राटदाराला लागू होत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या संहितेने ती मर्यादा पन्नासवर नेली. तीन-चार मुलांच्या टोळीला वीस काय आणि पन्नास काय, दोन्ही सारखीच दूर! तथापि कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून घेता येते, हे तत्त्व 1923 च्या कामगार भरपाई कायद्यानेच मान्य केले होते. ते सौर विक्रेत्यांना कसोशीने लागू व्हावे, एवढेच आपले म्हणणे आहे.

तेव्हा आपल्या मागण्या तीन. काम करणाऱ्याचे नाव व अनुज्ञापत्र क्रमांक पूर्तता अहवालावर असावा आणि त्याखेरीज अनुदान सुटू नये. अनुभवी कारागिरांसाठी तालुक्याच्या ठिकाणी परीक्षा व्हावी. विमा आणि भरपाई यांची जबाबदारी, मध्ये कितीही कंत्राटदार असोत, नोंदणीकृत विक्रेत्यावरच राहावी.

आपल्या गावात संच बसत असेल तेथे जा. शिडीवरच्या मुलाला त्याचे नाव विचारा. मग ते नाव कोणत्या कागदावर आहे, हे विक्रेत्याला विचारा. चळवळीची सुरुवात या दोन प्रश्नांपासून होऊ शकेल.