ट्रॅक्टरवरची आर्ची



नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट आला २०१६ साली.
त्यातली नायिका आर्ची बुलेट चालवते.
ट्रॅक्टरही चालवते.

ती नायक परश्याकडे रोखून बघते,
आणि गडबडतो तो परश्या!
एरवी आपल्या प्रेमकथांत लाजायचं ते मुलीनंच.
इथे ते उलटं झालं.

पण श्रोतेहो, खरी कसोटी पुढे आहे.

दोघं हैदराबादला पळून जातात.
आर्ची कारखान्यात कामाला लागते.
परश्या डोशाच्या गाडीवर राबतो.
दोघंही कमावतात.
तरी संशय येतो परश्याला,
आणि हातही उचलतो तोच.

मुलगी बदलली.
मुलाचा हात मात्र जुनाच राहिला.
मंजुळे यांनी हे लपवलं नाही, हे फार मोलाचं.

आर्ची साकारणाऱ्या रिंकू राजगुरूच्या अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला.

‘सैराट’ पुन्हा लावाल, तेव्हा हैदराबादचा भाग घरातल्या मुलांसोबत बघा.