निर्वासितांचा इतिहास कोणी लिहावा?



दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या पोलिश निर्वासितांचे अनुभव शोधायचे, तर एक वाट कोल्हापुराजवळच्या वळिवड्यातून जाते. १९४० साली रशियाने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ च्या करारानंतर जी सुटली, त्यांतली काही हजार इराणमार्गे हिंदुस्थानात आली. वळिवड्यास १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे ५,००० जणांची वसाहत होती. बहुतेक स्त्रिया आणि मुले. पुढे त्यांतली बरीच इंग्लंडला, काही अमेरिकेस गेली.

अमेरिकेचे दार मात्र सहज उघडले नव्हते. १९४३ साली हिंदुस्थानमार्गे जहाजाने आलेले सुमारे १४०० पोलिश निर्वासित कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांना तेथे राहू न देता पहाऱ्यातल्या आगगाडीने मेक्सिकोतील सांता रोसा येथे पोचविण्यात आले. १९४८ साली युरोपातील छावण्यांतल्या विस्थापितांसाठी कायदा झाला. त्यात अट अशी की, येणाऱ्यास नोकरी आणि घर मिळेल याची हमी अगोदर कोणीतरी द्यावी.

मी कामगारांत वावरणारा माणूस; या अटीपाशी मी थबकतो. हमीच्या कागदावरून माणूस कुठे कामास लागणार ते कळते. तो पूर्वी शिक्षक होता की शेतकरी, त्याला तिथली भाषा येत होती का, मालक वाईट निघाला तर काम सोडण्याचे त्याला धैर्य झाले का, हे कळत नाही. हजेरीपटावर नाव असते, गाऱ्हाणे नसते. म्हणून संशोधकाने दप्तर पाहावे, पण तेवढ्यावर थांबू नये. त्या माणसाचे म्हणणेही ऐकावे.

हिंदुस्थानात वाढलेल्या पोलिश मुलांनी पुढे लंडनमध्ये संघ स्थापून आपल्या आठवणींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी स्वतः लिहिले, म्हणून ती माणसे आज आपल्याला भेटतात. ती गेल्यावर वळिवड्याच्या त्याच वसाहतीत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले; आजचे गांधीनगर ते हेच. एकाच छपराखाली दोन देशांची दुःखे राहून गेली.

आपल्या तालुक्यातूनही माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईकडे जातात. त्यांच्यावर कोणी ग्रंथ लिहील म्हणून वाट पाहू नका. घरोघरी एक वही घाला: कोण गेले, कोणत्या साली, कोणत्या कामावर, काय रोजावर, आणि परत का आले किंवा का आले नाही. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. उद्या हक्काचा प्रश्न निघेल, तेव्हा ही वहीच आपली साक्ष होईल.