विरोधी पक्षनेता महापौर होतो तेव्हा



नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात माझ्या फोनवर एकाच माणसाचे व्हिडिओ येत होते. जोहरान ममदानी. तुमच्यापैकी निम्म्या जणांनी ते स्टेटसला ठेवले असतील. न्यूयॉर्क राज्याच्या असेंब्लीचा सदस्य, स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारा, मुसलमान, आणि तो शहराचा महापौर झाला. ऑफिसात चहा घेताना एक सहकारी म्हणाला, "आपल्याकडे असं कधी होणार?" मी म्हटलं, होऊन गेलंय. २००२ मध्ये. इथून शंभरेक किलोमीटरवर, आपल्याच जिल्ह्यात.

त्याला आधी गंमत वाटली. मग मी नाव सांगितलं, तर ते त्याने ऐकलेलंच नव्हतं. तो मुसलमान नाही म्हणून त्याला ठाऊक नसेल असं मला वाटलं होतं. पण आज सकाळी इथे आलेल्या पाच-सहा जणांना विचारलं, तर त्यातल्या दोघांनाच माहीत होतं. म्हणून ठरवलेला विषय बाजूला ठेवून आज निहाल अहमद यांच्याबद्दल बोलतो.

पूर्ण नाव निहाल अहमद मौलवी मोहम्मद उस्मान. मालेगावात मात्र सगळे 'साथी निहाल अहमद' म्हणायचे. कम्युनिस्ट जसे एकमेकांना कॉम्रेड म्हणतात तसे समाजवादी साथी म्हणतात. एसेम जोशी, नानासाहेब गोरे, मधु दंडवते यांच्या परंपरेतला हा शब्द, आणि यंत्रमागाच्या खटखटाटात राहणाऱ्या मोमीन-अन्सारी वस्तीत तो एका मौलवीच्या मुलाच्या नावाला कायमचा चिकटला. माझी खाला मालेगावची. ती आजही 'निहाल साहब' म्हणत नाही, 'साथी' म्हणते. जणू ते त्यांचं पहिलं नावच.

१९७८ पासून १९९५ पर्यंत विधानसभेच्या सलग पाच निवडणुका त्यांनी मालेगावातून जिंकल्या. १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५. जनता पक्षाची शकलं होत गेली, पक्षाचं नाव कधी जनता पक्ष होतं, पुढे जनता दल झालं, पण मालेगावचा निकाल तोच राहिला. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात ते मंत्री होते. मग आला डिसेंबर १९८६. पवार औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये परतले आणि विधानसभेतली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीवर निहाल अहमद बसले आणि नोव्हेंबर १९८७ पर्यंत राहिले. त्यांच्यानंतर दत्ता पाटील आणि मग मृणाल गोरे.

इथे जरा थांबूया. विरोधी पक्षनेता म्हणजे कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा. तो एका समाजाच्या वतीने बोलत नाही, सरकारसमोर बसलेल्या सगळ्यांच्या वतीने बोलतो. शेकापवाले, समाजवादी, बाकीचे विरोधक, या सगळ्यांच्या वतीने मालेगावचा एक मुस्लिम आमदार उभा राहत होता. आजच्या विधानसभेत, २०२४ च्या निकालानंतर, २८८ मध्ये मुस्लिम आमदार आहेत १०.

१९९९ मध्ये ते हरले. काँग्रेसच्या शेख रशीद यांनी त्यांना हरवलं. आपल्याकडे अशा वेळी ज्येष्ठ नेता काय करतो हे तुम्हाला माहीत आहे. विधान परिषदेसाठी मुंबईला चकरा मारतो, नाहीतर महामंडळ मागतो, नाहीतर घरी बसून मुलाखती देतो. निहाल अहमद महापालिकेची निवडणूक लढले.

तो काळ काय होता ते लक्षात घ्या. ऑक्टोबर २००१ मध्ये मालेगावात दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्याच वर्षाच्या शेवटी मालेगाव नगरपालिकेची महानगरपालिका झाली. म्हणजे गावात जखम ओली, आणि संस्था कोरी करकरीत. २००२ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि पहिले महापौर झाले साथी निहाल अहमद. पंधरा वर्षांपूर्वी जो माणूस मुख्यमंत्र्यांना सभागृहात जाब विचारत होता, तो आता नळ, गटार, कचरा आणि दवाखाना या विषयपत्रिकेच्या सभेत अध्यक्षस्थानी बसला.

बरेच जण याला उतरण म्हणतात. मला तसं वाटत नाही. मात्र त्याचं कारण 'छोटं काम मोठ्या मनाने करावं' असलं काही नाही. कारण वेगळं आहे, आणि त्यासाठी महापौर नावाची चीज नेमकी काय आहे हे बघावं लागेल.

न्यूयॉर्कच्या महापौराला लोक थेट निवडतात. तो खात्यांचे प्रमुख नेमतो, पोलीस कमिशनरसुद्धा. आपल्याकडे महापौराला नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे सोडतीत ठरतं. त्याच्याकडे सही करायचा अधिकार जवळजवळ नाहीच. कायद्याने कारभार आयुक्ताच्या हातात, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. महापौर महासभा चालवतो. निविदा मंजूर करते सोळा सदस्यांची स्थायी समिती. तुमच्या गल्लीतल्या पाइपलाइनचा व्यास कुठे ठरतो? महापौराच्या केबिनमध्ये नव्हे. तो ठरतो आधी शहर अभियंत्याच्या अंदाजपत्रकात, मग स्थायी समितीत.

म्हणजे महापौर शोभेचा? पुष्कळ ठिकाणी तसाच असतो. पण महासभेत कोणता विषय आधी घ्यायचा, कोणाला बोलू द्यायचं, अधिकाऱ्याने दिलेलं उत्तर पुरेसं मानायचं की त्याला पुन्हा उभं करायचं, हे महापौराच्या हातात असतं. आणि हे काम ज्याने विधानसभेत वर्षानुवर्षं तारांकित प्रश्न, लक्षवेधी, हरकतीचा मुद्दा यांवर हात घासलाय त्यालाच नीट जमतं. पहिल्याच सभागृहात बहुतेक नगरसेवक नवखे असताना खुर्चीत असा माणूस असणं ही मालेगावला मिळालेली मोठी गोष्ट होती. आमच्या धंद्यात म्हणतात, नव्या सिस्टीमवर सगळ्यात अनुभवी माणूस बसवा, जुनी आपोआप चालते. आम्ही मात्र नेहमी उलटंच करतो, ते सोडा.

आता त्यांची काळी पट्टी. ६ डिसेंबर १९९२ नंतर त्यांनी दंडावर काळी फीत बांधली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वारले तोवर काढली नाही. तेवीस वर्षं. मंत्रालय असो, लग्न असो, महासभा असो. ज्यांना निहाल अहमद ऐकून माहीत आहेत त्यांना बहुतेक ही पट्टीच माहीत आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्या हातावर ती होती त्या हाताने महापालिकेचा अजेंडाही उलटला, हे कुणी सांगत नाही. कुणी काय निषेध केला हे आपण पोरांना सांगतो, कारभार कसा केला ते सांगत नाही. म्हणून आपल्या पोरांना टीव्हीवरची चर्चा म्हणजे राजकारण वाटतं आणि वॉर्ड म्हणजे दलालांचं काम.

त्यांच्यावर टीका करायची नाही असं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या नावापलीकडे टिकेल असा पक्ष मालेगावात उभा राहिला नाही. २०१७ च्या महापालिकेत ८४ पैकी जनता दल सेक्युलरचे ६ नगरसेवक होते, आणि तेही राष्ट्रवादीबरोबरच्या आघाडीत. त्यांची मुलगी शान-ए-हिंद नगरसेविका झाली, २०२४ मध्ये समाजवादी पक्षाकडून विधानसभेला उभी राहिली. ती मेहनती आहे, ते कबूल. पण दुसरी फळी घरातूनच यावी लागते हे समाजवादी चळवळीचं अपयश आहे, असं माझं मत. त्यांच्या विरोधकांकडेही चित्र वेगळं नाही. शेख रशीद दहा वर्षं आमदार राहिले, २०१७ मध्ये महापौर झाले. त्यांचे चिरंजीव आसिफ शेख महापौरही झाले आणि आमदारही. मुफ्ती इस्माईल यांनीही आधी महापालिका हातात घेतली, मग २००९ मध्ये विधानसभा.

पण यातून एक दिसतं. मालेगावात विधानसभेचा रस्ता महापालिकेतून जातो, आणि कधी कधी परत तिथेच येतो. तिथली माणसं महापालिकेला हलकं समजत नाहीत. २०१७ मध्ये काँग्रेसचे २८ आणि शिवसेनेचे १३ निवडून आले आणि दोघांनी मिळून सत्ता घेतली, शेख रशीद महापौर, उपमहापौर शिवसेनेचा. मुंबईत तेव्हा ही कल्पना कुणी केली नव्हती. टीव्हीवाल्यांना तो चमत्कार वाटला. मालेगावकरांना फारसा वाटला नसावा. मोसम नदीच्या एका काठाला मुस्लिम वस्ती आणि दुसऱ्या काठाला बहुतेक हिंदू, पण पाण्याची टाकी कुठे बांधायची याचा ठराव एकाच सभागृहात होतो.

आता थोडा हिशेब, कारण मला त्याशिवाय चैन पडत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. भागिले २८८ आमदार, म्हणजे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ९० हजार माणसं. मालेगाव शहर तेव्हा पावणेपाच लाखांच्या थोडं वर, भागिले ८४ नगरसेवक, म्हणजे एकामागे साधारण ५,७००. चार सदस्यांच्या प्रभागात मतदारसंघ मोठा होतो, तेही धरा, तरी पायी फिरता येईल इतकाच. २०२४ मध्ये मालेगाव मध्यची आमदारकी किती मतांनी ठरली? १६२. एका इमारतीतली दोन-तीन मोठी कुटुंबं. विधानसभेला हे क्वचित घडतं, वॉर्डात सतत घडतं.

आणि हे सभागृहच नसेल तर? ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालले, त्यात २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हातात राहिल्या. माझ्या एका मित्राच्या गल्लीत, शहराचं नाव सांगत नाही, गटार तुंबलं. त्याने ॲपवर तक्रार टाकली. तीन दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली काढली. गटार तसंच. पुन्हा टाकली, पुन्हा निकाली. पूर्वी असं झालं की गल्लीतल्या बायका नगरसेविकेच्या दारात जाऊन बसायच्या, ती महासभेत आरडाओरडा करायची, अभियंत्याला उभं राहून बोलावं लागायचं. या वेळी बसायला दारच नव्हतं. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो, 'निकाली' हे बटण बनवायला एक दिवस लागतो. त्या बटणावर कुणाला तरी जाब विचारता येणं, ते सॉफ्टवेअरमध्ये येत नाही.

इथल्या काही जणांना निवडणूक लढवायची आहे, मला माहीत आहे. मुलींनी विशेष ऐका, कारण निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि आपल्या वस्त्यांत ऐन वेळी कुणाच्या तरी बायकोचं नाव शोधलं जातं. वय २१ पूर्ण हवं. त्या शहराच्या मतदार यादीत नाव हवं, ते आजच बघा. सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्याची अट आहे, घरातल्या मोठ्यांपैकी कुणाला उभं करणार असाल तर ती आधी तपासा.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो जात वैधतेचा. मुस्लिमांमधल्या अन्सारी, बागवान, पिंजारी, अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी त्यासाठी चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या सभांना गेले, १९९४ मध्ये शासनाचा निर्णय निघाला. कागदावर दार उघडं आहे. पण आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, आणि समितीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, व्यवसाय किंवा बिरादरी दाखवणारा पुरावा लागतो. निवडून आलेला माणूस मुदतीत प्रमाणपत्र देऊ शकला नाही की नगरसेवकपद जातं, आणि लोकांनी दिलेली मतंही.

हा पुरावा निवडणूक जाहीर झाल्यावर तीन आठवड्यांत मिळत नाही. आजोबा ज्या शाळेत गेले तिचं जनरल रजिस्टर, तहसील कचेरीतले जन्म-मृत्यूचे जुने उतारे, सातबारा, चुलत घराण्यातल्या कुणाकडे आधीच वैधता असेल तर तिची प्रत. जुन्या नोंदी मोडीत असतात, उर्दूत असतात, वाचणारी माणसं म्हातारी झाली आहेत. पुढच्या रविवारी मी लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन इथेच बसणार आहे, सकाळी दहापासून. घरातली ट्रंक उघडा आणि जे सापडेल ते पिशवीत घालून आणा.