तहान आणि तण्हा
(जालन्यातील भाषणावरून)



आमच्या अंबड-घनसावंगीकडं तहान कुणी म्हणत नाही. ‘लई तान लागली, माय’ म्हणतात. शहरात तान म्हटलं की लोकांना गवई आठवतो. असो.

मूळ शब्द तृष्णा. पालीत तण्हा, मराठीत तहान. तथागतानं दुःखाचं कारण म्हणून जो शब्द सांगितला, तोच आमच्या आयांच्या रिकाम्या हंड्यात येऊन पडला. घोटाळा इथंच आहे. कुणीतरी प्रवचन देतं, तण्हा सोडा, दुःख सरेल. समोर बसलेली बाई टँकरची वाट बघून थकून आलेली. तिनं काय सोडायचं? घसा? बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांबद्दल रोखठोक प्रश्न विचारलेत. ग्रंथ 1957 चा. नुसता पुजू नका, वाचा.

धम्मात तण्हा म्हणजे हाव. कोरड्या घशासाठी पालीत पिपासा हा शब्द आहे. मराठीनं हावेचा शब्द उचलून घशाला चिकटवला आणि हाव मोकळी सुटली. 2013 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, वस्त्या टँकरवर जगल्या. त्या उन्हाळ्यात ज्यानं पाण्याचा धंदा केला, त्याला तहान नव्हती लागली. ती तण्हा.

आणि ती म्हण! तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणे. आळशाला हिणवायला वापरतात. आमच्या बापजाद्यांनी गावाच्या विहिरी वेळेवरच खणल्या. पाणी लागलं, अन् खणणाऱ्यालाच काठावर बंदी. मग खाली ओंजळ धरून उभं राहायचं, वरून कुणी ओतील तोवर.

महाडची ओंजळ वेगळी होती. 1923 चा बोले ठराव होता, 1924 ला नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं होतं. तरी 20 मार्च 1927 पर्यंत त्याला आमचा हात लागला नव्हता. त्या दिवशी बाबासाहेबांनी पाणी प्यालं, मागोमाग माणसं प्याली. घसा कोरडा होता म्हणून नव्हे. हे पाणी प्याल्यानं आपण अमर होणार नाही, हे त्यांनीच पुढं डिसेंबरात सांगितलं. इतरांसारखी आम्हीही माणसं, एवढ्यासाठी ते पाणी. सवर्णांनी मग शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं अन् कोर्टात गेले.

हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला, 17 मार्च 1937 ला. एका ओंजळीला दहा वर्षं.