अजिंठ्याचं जहाज कुठलं?



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून आज संगणकावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे लाकडी जहाजावर. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा जहाजाशी काय संबंध, असं कोणी विचारेल. पण एक जहाज आपल्या शेजारीच आहे. शाळेच्या सहलीत आपण त्याच्यासमोरून गेलो आहोत. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात ते रंगवलेलं आहे : तीन उंच शिडं, मागे सुकाणूची वल्ही, आणि जहाजावर मांडलेली मडकी.

या चित्रावरून आपल्या नौदलाने खरं जहाज बांधून घेतलं. जुलै 2023 मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली एक जहाजबांधणी कंपनी यांच्यात करार झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज गोव्यात पाण्यात उतरलं. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि त्याला 'कौंडिण्य' नाव मिळालं. मी बातमी वाचली आणि माझ्या डोक्यात धंद्यातला प्रश्न आला. आमच्याकडे कधीकधी असं जुनं सॉफ्टवेअर येतं की लिहिणारा निघून गेलेला असतो, कागदपत्रं नसतात, हातात फक्त पडद्याचा फोटो असतो. इथे तर फोटो दीड हजार वर्षांपूर्वीचा! नकाशा नाही, त्या काळचं जहाजही शिल्लक नाही. मग हे जहाज कुठलं, कसं बांधलेलं, हे ठरवायचं कसं?

भूमितीच्या तासाला आपल्याला आधी 'पक्ष' आणि 'साध्य' लिहायला लावायचे. पक्षात नाही ते सिद्धतेत घुसवलं की गुण कापले जायचे. तीच शिस्त इथे लावून पाहू.

पहिला पुरावा गोष्टीचा. चित्रातली कथा पूर्णाची आहे. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. पुढे तो भिक्खू झाला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला, वादळात सापडला, आणि पूर्णाने सगळ्यांना वाचवलं. सोपारा हे कल्पनेतलं गाव नव्हे. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. म्हणजे कथेपुरतं तरी हे जहाज कोकणकिनाऱ्याचं आहे.

दुसरा पुरावा चित्र काढलं त्या काळाचा. पाचव्या शतकातली ही लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. त्याचं घराणं वत्सगुल्मचं, म्हणजे आपल्या शेजारच्या वाशिमचं. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळा क्रमांकाचं लेणं दान केलं, तसा लेखच तिथे आहे. समुद्रापासून इतक्या दूर, वऱ्हाडच्या राजवटीत, भिंतीवर जहाज येतं. बंदरातला माल घाट चढून आत येत होता आणि मालाबरोबर दर्याच्या गोष्टीही येत होत्या. जहाज आपलं आहे का, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर हेच : लाकूड किनाऱ्याचं असेल, पण त्याची आठवण आपल्या डोंगराने जपली.

तिसरा पुरावा सांध्यांचा. कोणत्याही जुन्या लाकडी नावेचं मूळ शोधताना जाणकार आधी फळ्या कशा जोडल्यात ते पाहतात. खिळे आहेत की शिवण? इथे चित्र गप्प आहे, त्यात शिवण दिसत नाही. ती बाहेरून आणावी लागते. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझची काथ्याने शिवलेली जहाजं पाहिली, आणि त्याला ती मुळीच आवडली नाहीत. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या ग्रंथात जहाजाला लोखंड वापरू नये असं सांगितलं आहे. शिवलेली नाव लाटेच्या धक्क्याने थोडी लवते, म्हणून वाळूवर आपटली तरी चटकन फुटत नाही. तेव्हा 'कौंडिण्य' म्हणजे चित्राची हुबेहूब नक्कल नव्हे. चित्र, ग्रंथ आणि प्रवासवर्णनं जोडून मांडलेली ती सिद्धता आहे. तिच्या प्रतिकृतीची चाचणी आयआयटी मद्रासमध्ये झाली. हा फरक लक्षात ठेवून अभिमान बाळगला तर तो जास्त टिकतो.

चौथा पुरावा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, तो हातांचा. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी काथ्याची दोरी, नारळाचा काथ्या आणि नैसर्गिक राळ वापरून कित्येक महिने फळी फळीला शिवली. टाका किती ओढायचा हे कुठल्या ग्रंथात नाही. ते त्यांच्या बोटांत होतं, म्हणून जहाज उभं राहिलं. असे हात आता फार थोडे उरलेत. आणखी एक पिढी गेली असती, तर चित्र असूनही आपण नुसते पाहत राहिलो असतो.

29 डिसेंबर 2025 रोजी हे जहाज पोरबंदरहून निघालं आणि 14 जानेवारी 2026 ला, संक्रांतीच्या दिवशी, मस्कतला पोचलं. खिळे न ठोकता. सिद्धतेखाली 'हेच सिद्ध करायचे होते' असं लिहिण्याजोगी ती ओळ.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या गावांतही असे हात आहेत. तिफण घडवणारे सुतार आहेत, आडाचं पाणी सांगणारी माणसं आहेत, आणि इथे पहिल्या रांगेत बसलेले आपले सर आणि बाई आहेत. त्यांना विचारायचं ते आताच विचारू या, आणि लिहून ठेवू या. या स्मरणिकेची पुढची पानं त्यासाठीच राखून ठेवावीत, अशी समितीला माझी विनंती आहे.